जर्मनचं ताट

सिद्धेश्वरजवळचा तांडा, ता. औंढा
२२ ऑक्टोबर २००१

प्रिय पल्लवी,
सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. तू मला जय सेवालाल लिहितेस, म्हणून मी तुला जय भीम. डी.एड.ला नंबर लागला, परभणीत वसतिगृहही मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. हिंगोलीच्या वसतिगृहात माझ्या वहीतून गणितं उतरवणारी पोरगी आता मास्तरीण होणार, म्हणजे जिल्ह्यातल्या लेकरांचं काही खरं नाही.

सासर कसं आहे, असं तू विचारलंस. वाईट नाही. योगेश बरा आहे, बोलतो कमी. साखर कारखाना सुरू झाला की तो ट्रॅक्टर घेऊन जातो, मग उन्हाळ्यापर्यंत येऊन जाऊन असतो. सासरे गोपीचंद, त्यांचा सगळा जीव कॅनॉलच्या पाण्यावर लावलेल्या बागेत. मोसंबी आहे, पेरू आहे, बांधाला पपया. धाकटी नणंद जमुना सातवीत आहे, माझ्या मागे मागे फिरते. आणि सासू रूपाबाई. तिला मी याडी म्हणते, माझ्या आईला म्हणायचे तेच. आई गेली आणि बापाने दुसरी केली, तेव्हापासून तो शब्द तोंडातून गेला होता. इथे परत आला.

त्रास एकाच गोष्टीचा आहे आणि तो तुलाच सांगता येईल. महिन्याचे ते दिवस आले की मी गोठ्याच्या बाजूच्या छपरीत. त्याचं काही नाही, ते माहेरीही होतं, उलट पाठ टेकायला मिळते. पण इथे खाण्याचा नेम फार कडक. माझं एक वेगळं ताट आहे, जर्मन धातूचं, काठाला पोचा पडलेलं. त्यात वरून भाकर टाकतात. सोबत मीठ, कधी कोरडी चटणी. दही, ताक, लिंबू, गूळ काही नाही. फळाचं तर नावच काढायचं नाही. याडी म्हणते, "बाहेर बसल्याली बाई फळ खाती तवा अंगावरचं वाढतंय, अन् झाडालाबी कळतंय. फुडच्या बहाराला झाड रुसतंय." सगळा महिना मी पेरू तोडते, पाट्या भरते, त्या पाट्या वसमतला जातात. आणि त्या दिवसांत छपरीत बसलं की पेरूचा वास येतो.

माझं चार दिवसांत आटपत नाही. आठवडा जातो, कधी त्याहून जास्त, आणि जाणंही फार. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मागच्या खेपेला कॅनॉलच्या काठावर तोल गेला, जमुनाने धरलं म्हणून बरं. याडी म्हणाली, "अंगात गर्मी हाय तुझ्या. अजून दोन रोज मीठभाकरच खा." लग्नाला दोन वर्षं होत आली आणि घरात पाळणा नाही, म्हणून ती माझ्या खाण्यावर जास्तच डोळा ठेवते. माझ्या भल्यासाठी ठेवते, हेच अवघड आहे. वाईट असती तर भांडले असते.

तुझ्याकडे पुस्तकं आहेत म्हणून विचारते. फळाने खरंच वाढतं का गं?

तुझी,
शिला

•

परभणी
४ नोव्हेंबर २००१

प्रिय शिला,
जय सेवालाल.

तुझं पत्र वाचून इतका राग आला की जेवणाची घंटा कानावर पडूनही उठले नाही. मग रात्रभर उपाशी राहिले आणि तुझी आठवण काढली.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक बाई आरोग्यावर बोलायला आल्या होत्या. सगळ्या पोरी माना खाली घालून बसलेल्या. मी हात वर करून तुझाच प्रश्न विचारला, नाव न घेता. त्या म्हणाल्या, त्या दिवसांत रक्त जातं, म्हणून उलट जास्त खायला पाहिजे. पेरू, मोसंबी, केळी, पपई, गूळ, शेंगदाणे, जे मिळेल ते. फळाने काही वाढत नाही आणि झाडाला काही कळत नाही. तुला अंधारी येते ती उपासमारीने. खायला लाग, सगळं जागेवर येईल.

आमच्यात कुणी बाजूला बसवत नाही, अशी फुशारकी मी तिथे मारली. दिवाळीच्या खरेदीला वसमतला घरी गेले तर आई म्हणते, "पल्लवे, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, तुझी तारीख हाय." माझी आई, पद्माबाई, दर भीमजयंतीला पुढे होऊन भाषण करणारी. मी तिच्या देखत बरणीत हात घालून फोड काढली. बरणी अजून चांगली आहे, आईच नासल्यासारखी दोन दिवस बोलली नाही.

आता ऐक. सासूशी वाद घालू नकोस, तू हरशील. सांगूच नकोस. तू सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार? योगेशराव कारखान्यावर असतील. पहाटे कॅनॉलवर कापड धू, घरात ये आणि सगळ्यांच्या पंगतीला जेव. एक महिना करून बघ. पेरू खा आणि मग झाडाकडे बघ, रुसतं का.

तुझी,
पल्लवी

•

तांडा, सिद्धेश्वर
२८ डिसेंबर २००१

प्रिय पल्लवी,
सप्रेम जय भीम.

केलं. दिवाळीला योगेश आला होता, तो परत गेला आणि मग माझे दिवस आले. मी काही बोलले नाही. पहिल्या सकाळी देवापुढं दिवा लावताना काडी एवढी दाबली की वात विझली. याडी म्हणाली, "वारं आलं असंल." मी देवाच्या फोटोकडे पाहिलंच नाही. पण दुपारी बागेत गेले, एक पिकलेला पेरू तोडला आणि झाडाखाली उभी राहून बियांसकट खाल्ला. तुला सांगते, एवढा गोड पेरू मी जन्मात खाल्ला नसेल. संध्याकाळी जाऊन झाड बघून आले. होतं तसंच होतं.

याही महिन्यात तसंच केलं. सगळ्यात मोठं काम कापडं लपवायचं. ती वाळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. जातं अजून तेवढंच, त्यात फरक नाही. अंधारी कमी झाली असं वाटतं, की मीच वाटून घेते, कोण जाणे.

याडीचं वागणं मात्र बदललं आहे. स्वतःहून मोसंबी सोलून हातात देते. काल रात्री दूध दिलं, वर साय होती. "खा गं पोरी, तुला लागतंय आता." पाण्याला जमुनाला पाठवते. जमुना कुरकुरली तर तिलाच रागावली. मी काही विचारलं नाही. मिळतंय ते खाते आहे.

तुझी,
शिला

•

परभणी
९ जानेवारी २००२

प्रिय शिला,
जय सेवालाल.

तुझं पत्र खोलीतल्या पोरींना वाचून दाखवलं, नाव झाकून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बघ, माणसं बदलतात. तुझ्या तोंडावर रंग आलेला बघून रूपाबाईंना आपोआप पटलं असेल. सासवा उगाच बदनाम आहेत असं मी म्हणणार नाही, पण तुझी चांगली निघाली.

आता एक पायरी पुढे जा. एखाद्या दिवशी त्यांचा मूड बघून सरळ सांगून टाक, की मी त्या दिवसांतही घरात होते, फळं खात होते, आणि काही बिघडलं नाही. त्या ऐकतील. जमुनाची वेळ येईल तेव्हा ती तरी सुटेल.

माझे पाठ सुरू झालेत. चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवते. हसू नकोस.

तुझी,
पल्लवी

•

तांडा, सिद्धेश्वर
११ फेब्रुवारी २००२

प्रिय पल्लवी,
सप्रेम जय भीम.

या वेळी तुला कळलं नाही, आणि मला कळलं होतं तरी मी लिहिलं नाही. याडी बदललेली नाही. दिवाळीपासून मी बाहेर बसले नाही, म्हणून तिला वाटतंय मला दिवस गेलेत.

झालं असं, की तुला मागचं पत्र लिहिलं त्याच्या आधीच पिठाच्या गिरणीत शेजारची मिराबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "रूपा, तुझी सून दोन म्हैन्यांत बाहेर बसल्याली दिसली न्हाई, काहून?" याडीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. एवढंच. मी खोटं काही बोलले नाही गं, नुसतं खाली पाहिलं. तिथून घरी येईपर्यंत पिठाचा डबा माझ्याऐवजी याडीच्या डोक्यावर होता.

तेव्हापासून हे चाललंय. ती माझं डोकं मांडीवर घेऊन तेल लावते. तिची दोन लेकरं पोटातच गेली होती, ते सांगते. एक पपईनं गेलं असं ती म्हणते, आणि सांगताना अजून रडते. योगेशला निरोप गेला. तो एका रात्रीपुरता आला, कापडी पिशवीत सफरचंदं घेऊन. आमच्या घरात सफरचंद कुणी आणत नाही, आजारी माणसालासुद्धा. मला देताना तो हसला. लग्नातही तो एवढा हसला नव्हता. त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी सफरचंद खाल्लं.

आणि महिन्याच्या महिन्याला माझं चालूच आहे. तशीच मी दिवा लावते, लोणच्यात चमचा घालते. सध्या हळद शिजवायचं काम आहे. कढईवर बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली तर हळद नासते म्हणून जमुनाच्या मैत्रिणींनाही विचारून आत घेतात, आणि मी चुलाणात पाचट सारत उभी असते. आता खरं सांगितलं तर लेकरू नाही एवढंच निघणार नाही. तीन महिने सगळं घर, देव, हळद, सगळं विटाळलं असं निघेल. मग मला इथे कुठे जागा? माहेरी तर नाहीच.

अजून एक सांगते, ते तुलाच सांगू शकते. मी जे खाते ते नसलेल्या लेकराच्या वाट्याचं आहे. तरी गोड लागतं. त्याची लाज वाटते. पपई तेवढी देत नाहीत, पोटुशीला चालत नाही म्हणून. ती मी परवा बांधावर चोरून खाल्ली, तू लिहिलेल्यांत होती ना. सालं गोठ्यामागे पुरली.

बाया आता माझ्या पोटाकडे बघतात. काय करू ते सांग. लवकर लिही.

तुझी,
शिला

•

परभणी
२० फेब्रुवारी २००२

प्रिय शिला,

तुझं पत्र वर्गात उघडलं आणि उठून बाहेर आले. सांगूच नकोस असं मीच लिहिलं होतं. मला वाटलं होतं एक पेरू खाशील, दोन खाशील. यातून काय काय निघेल ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी माझ्या तारखा आईशिवाय कुणी मोजत नाही.

खरं सांगावं असंच मला वाटतं. पण तुझ्या जागी मी नाही. म्हणून दुसरी वाट सांगते. पडलं म्हण. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुष्कळ बायकांचं पडतं, कुणी दोष देत नाही. पुढच्या वेळी लपवू नकोस, रूपाबाईंसमोर बस आणि सांग. त्या रडतील, तुला झोपवतील, थोडे दिवस हळहळ चालेल आणि तू मोकळी होशील. त्यात तुला इजा नाही. मी कुणाला विचारलेलं नाही, विचारणार तरी कुणाला आणि काय म्हणून.

तेही जमणार नसेल तर औंढ्याहून वसमतची एसटी धर आणि माझ्या आईकडे जा. ती बरणीपासून दूर ठेवील, पण तुला घालवून देणार नाही.

काय झालं ते कळव.

तुझी,
पल्लवी

•

वसमत
२ मे २००२

प्रिय शिला,

मागची दोन्ही कार्डं मिळाली की नाही कळत नाही. परीक्षा संपली, मी घरी आले आहे. रोज दुपारी पोस्टमनची वाट बघते. तांड्यावर यावंसं वाटतं, पण मला बघून कुणी तुला भलतं विचारलं तर, म्हणून थांबले. तू सांगितलंस का? बरी आहेस का? एक ओळ लिही. नाहीतर नुसतं नाव लिहून पाठव.

पल्लवी

•

तांडा, सिद्धेश्वर
२३ जून २००२

प्रिय पल्लवी,
सप्रेम जय भीम.

तुझी सगळी पत्रं मिळाली. आधी दवाखान्यात होते, मग घरी पडून. आता बसून लिहिता येतं.

तू सांगितलंस तसंच केलं. होळीच्या आधी माझे दिवस आले तेव्हा ओसरीत याडीसमोर बसले आणि म्हणाले, पडलं वाटतं. कापडं दाखवली. माझं जाणं मुळात एवढं, की कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. ती ओरडली नाही. माझं डोकं पोटाशी धरून किती वेळ बसली. मग हळूच विचारलं, "पपई खाल्ली व्हती का गं?" मी हो म्हणाले. सगळंच खोटं कसं सांगू, एक तरी खरं सांगावंसं वाटलं. त्याच दिवशी सासऱ्यांनी बांधावरच्या सगळ्या पपया तोडून टाकल्या, फळं लागलेली.

एक गोष्ट आपल्या दोघींनाही माहीत नव्हती. याडीची धाकटी बहीण अशीच गेली होती. अर्धं पडलं, अर्धं आत राहिलं आणि अंगात विष झालं. म्हणून ती म्हणाली, "माज्या सुनंचं तसं होऊ देणार न्हाई." स्वतःच्या पायातली चांदीची वाकळी मोडून जीप केली आणि मला तालुक्याला एका दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, पिशवी धुवावी लागंल. मी टेबलावर सांगितलं, आत काही नाही, नव्हतंच काही. माझा हात धरून उभी असलेली बाई म्हणाली, सगळ्या असंच म्हणतात. मी मोठ्याने सांगायला हवं होतं. पण याडी दाराबाहेर उभी होती, तिला ऐकू जाईल म्हणून हळू बोलले.

धुताना आत कुठेतरी लागलं. घरी आल्यावर ताप चढला, पोट फुगलं. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. जाग आली तेव्हा पिशवी काढलेली होती. तिथली डॉक्टरीण म्हणाली, काढली नसती तर वाचली नसतीस. मग कागद बघून रागावली. रक्त आधीपासूनच एवढं कमी, महिन्याला एवढं जातंय, तर कधी कुणाला दाखवलं का नाही? याडी म्हणत होती मीठभाकर, तू म्हणत होतीस पेरू. दवाखाना तिला सुचला नाही, तुला सुचला नाही, आणि अंग माझं असून मलाही सुचला नाही.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. तुला तरी खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते.

आता मला पाळी नाही. मी कधीच बाहेर बसणार नाही. कोणत्याही दिवशी काहीही खायला मोकळी आहे. याडी रोज स्वतः जेवायच्या आधी मला फळ चिरून आणून देते. आणि दुपारी मिराबाईला घेऊन योगेशसाठी पोरगी बघायच्या गोष्टी करते. माझ्यासमोरच करते, लपवत नाही. "तुला काढून देणार न्हाई, तू लेक हाईस माजी. पर घरात लेकरू पायजे का न्हाई, तूच सांग." मी म्हणाले, पायजे. कारखाना बंद आहे तरी योगेश घरी कमीच असतो.

खरं अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या लेकरासाठी याडी अजून रडते. मुलगाच होता असं तिने धरून ठेवलंय. मलाही कधी कधी त्याचं वाईट वाटतं, मग आठवतं की तो नव्हताच.

परवा जमुना पहिल्यांदा बाहेर बसली. छपरीत तिला माझंच ताट दिलंय, तेच जर्मनचं, पोचा पडलेलं. घरात आता मीच एक कायमची बिनविटाळाची, म्हणून तिला भाकर टाकायचं काम माझ्याकडे आलं. बांधावरच्या गावरान आंब्याचे शेवटचे आंबे उतरवलेत. याडीने एक माझ्या हातात दिला होता, तो चोखत चोखतच मी छपरीकडे गेले. जमुनाने ताटाकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "भाभी, आंबा नको. नुसती कोय टाक, चोखाया."

पल्लवी, आजूबाजूला कुणी नव्हतं. याडी मागच्या अंगणात होती, सासरे बागेत. कुणाला कळलं नसतं. सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार, तूच लिहिलं होतंस.

मी वरून भाकर टाकली. मीठ टाकलं. म्हणाले, "चार रोजानं खा." आणि कोय उकिरड्यावर फेकून हात धुतले.

तुझी,
शिला